केकावरचा गिलावा

वाटीत उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचं, ते तोंडात घालून टाळूवर जीभ वाजवायची, डोळे मिटून क्षणभर विचार करायचा आणि "अजून घट पायजे" म्हणत तेच ओलं बोट परत वाटीत घालून कालवायला लागायचं. आमच्या गल्लीतले मिस्तरी केकावरचा साखरेचा लेप असा करायचे. हे लिहितानासुद्धा मी मधेच उठून चूळ भरून आले. तुम्हाला वाटेल, बाईंचं जरा जास्तच आहे. असेल. पण ते बोट तुम्ही पाहिलेलं नाही.

त्या बोटाच्या नखात आयुष्यभराचं सिमेंट बसलं होतं. तंबाखूची चिमूट ओठामागं सरकवायला तेच बोट, गल्लीतल्या कुत्र्याच्या कानामागं खाजवायलाही तेच. एकदा तर त्यांनी मला कौतुकानं सांगितलं, "पयले आमी चुना मुरला का न्हाई, ते जिभेवर ठिवून बगायचो, बाई." शिरूर कासारच्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. माझ्या स्वयंपाकघराच्याही. भिंतीला ते हात लागले त्याचं मला काही वाटलं नाही, भिंत कोण खातंय?

माझं माहेर किराणा दुकानदाराचं. वडील आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढत नसत. गुळाची चव बघायची तरी खडा वरूनच तोंडात टाकायचे, ओठांना हात लागू द्यायचे नाहीत. आमच्या घरात उष्ट्याचा भारी बाऊ. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, इथं बदलून आले, आणि रोज चाळीस पोरांना 'हात धुवा, हात धुवा' म्हणून ओरडायला लागले. अशा बाईच्या दारासमोर देवानं मिस्तरींचं घर ठेवलं.

केकाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते बसस्टँडजवळच्या एका वाढदिवसामुळं. कुणा भाऊंचा होता, चौकभर त्यांचे फ्लेक्स लागले होते. जीपच्या बॉनेटवर टेबलाएवढा केक ठेवला, भाऊंनी कापला आणि मग कार्यकर्त्यांनी तो खाल्ला म्हणाल तर नाही, एकमेकांच्या तोंडाला फासला. नाकात क्रीम, मिशीत क्रीम, रस्त्यावर क्रीम, त्यावर माश्या. मी पदर नाकाला लावून दुसऱ्या बाजूनं निघून गेले. मिस्तरी मात्र थांबले आणि बॉनेटवर उरलेला एक तुकडा बायकोसाठी कागदात घेऊन आले. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. मावशींनी एक घास तोंडात घातला आणि विचारलं, "साबनाचा फेस हाय का काय हे?"

दुसऱ्या दिवशी मिस्तरी माझ्या दारात.

"बाई, घरला केक कसा करतेत? हिचा बड्डे करायचाय."

"कधी असतो वाढदिवस?"

"आधार कार्डावर एक जानेवारी हाय. तिच्या मायला बी म्हाईत नव्हतं. सरकारनं तारीख दिलीया, तर करायला पायजे न्हवं?"

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. साठीतल्या माणसाला बायकोचा पहिला वाढदिवस करावासा वाटतोय. मी त्यांना ओट्यापाशी उभं करून सगळं दाखवलं. केक पातेल्यात भाजायचा, तळाला वाळू घालून त्यावर डबा ठेवून. ती वाळू त्यांनी घरून आणली, गिलाव्याच्या चाळणीनं दोनदा चाळलेली. मग वरचा लेप. पिठीसाखर चाळून घ्यायची, गुठळी राहता कामा नये. दूध एकदम ओतायचं नाही, चमच्या-चमच्यानं. थोडं लिंबू पिळायचं, म्हणजे नुसता गोडमिट्ट लागत नाही. चमचा उचलला की धार पडावी आणि तिची रेघ वाटीत जराशी टिकून मग विरावी. पातळ झालं तर ओघळून ताटात जातं, घट्ट झालं तर पसरत नाही.

"याला ग्लेझ म्हणतात," मी म्हटलं.

"गिलावाच की हो हा!" मिस्तरी खूश झाले. "सायेब लोकांनी नाव बदललं फक्त."

खरं सांगते, बारा वर्षं शाळेत शिकवतेय, इतक्या लवकर कुणाला काही कळलेलं मी पाहिलं नाही. त्याच वेळी त्यांनी वाटीत बोट घातलं, चाटलं आणि परत घातलं. मी ती वाटी नंतर तीनदा घासली.

एक जानेवारीला मला बोलावणं आलं. केक मोठ्या थाळीत ठेवला होता आणि काय सांगू, पाहण्यासारखा झाला होता. नव्या कोऱ्या थापीनं गिलावा असा सपाट ओढला होता की बेकरीवाल्यानं शिकावं. पण लेप वाळत आला तशा त्यावर बारीक बारीक रेघा उमटल्या. साखरच ती, वाळली की तडकते. मिस्तरींच्या कपाळाला आठी पडली.

"तडे चाललेत. पानी माराय पायजे."

नव्या गिलाव्यावर पाणी मारलं नाही तर भिंत फुटते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत त्यांनी तांब्या उचलला, तोंडात पाणी भरलं आणि केकावर फुर्रकन फवारा मारला. इस्त्रीवाले कपड्यांवर मारायचे तसा. दुसरा घोट घेऊन उरलेल्या बाजूवर मारला.

गिलावा विरघळून थाळीत उतरला. मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. "पडली की हो भित! चाळीस वर्साचे मिस्तरी आन बायकूची भित पडली!" मिस्तरीही हसले. मग मावशींनी थाळीतलं ते साखरेचं पाणी चमच्यानं केकावर घालून आवडीनं खाल्लं, आणि पहिला तुकडा बशीत घालून माझ्यापुढं धरला.

मी हात मागं घेतला. मी म्हटलं, "माझा उपवास आहे."

"गुरवारी बी करता व्हय?" मावशींनी कौतुकानं विचारलं. "बांधून देते, उद्या खावा."

तिथून ते सुरू झालं. महिन्यातून एकदा तरी मिस्तरींचा केक व्हायचा आणि झाकलेली स्टीलची बशी आमच्या घरी यायची. पाणी मारायचं त्यांनी सोडलं, बोट सोडलं नाही. त्यांच्या घराचं दार सताड उघडं असायचं, मला माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं. बघू नये म्हटलं तरी मान तिकडंच वळायची. बशी आली की मी हसून घ्यायची, दार लावायची आणि तो तुकडा कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकायची. संध्याकाळी मिस्तरी हाक मारून विचारायचे, "बाई, गिलावा धरला का?"

"छान धरला हो."

"लिंबू जास्त नव्हतं न्हवं?"

"नाही, अगदी बेताचं."

चव न घेता चव सांगायला मी इतकी तरबेज झाले की मलाच कधी कधी ती जिभेवर आल्यासारखी वाटायची.

एक दिवस घंटागाडी आलीच नाही. मी दाराबाहेर ठेवलेला डबा कुत्र्यानं उलटा केला आणि ते पुडकं ओढत नेलं ते नेमकं मिस्तरींच्या पायरीपाशी. मी शाळेला निघाले तेव्हा मिस्तरी पायरीवर बसले होते. समोर मी तुकडा गुंडाळलेली चौथीची उत्तरपत्रिका उलगडून पडली होती, वर लाल पेनातली माझी सही, आणि त्यात अख्खा तुकडा, गिलाव्यासकट. त्याला दातही लागला नव्हता.

पुढचे चार दिवस ते माझ्या दारावरून मान खाली घालून गेले. पाचव्या दिवशी मी कुलूप लावत असताना समोर येऊन उभे राहिले.

"बाई, येक इचारू? राग नका मानू."

"विचारा ना."

"केक बिगडला व्हता, का हात आमचा हाय म्हून?"

मिस्तरींची जात कोणती ते मी इथं लिहिणार नाही. गल्लीला ती ठाऊक होती आणि मिस्तरींना ती कधी कुणी विसरू दिली नव्हती. त्यांनी बांधलेल्या कितीतरी घरांत त्यांना चहा वेगळ्या कपातून मिळाला होता. त्यांच्या मनात काय सलतंय ते मला लख्ख कळलं.

खरं उत्तर दोन्हीपेक्षा वेगळं आणि अगदी साधं होतं. 'मिस्तरी, तुम्ही बोट चाटून परत वाटीत घालता, त्याची मला किळस येते.' एवढं म्हटलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता, आणि दुसऱ्या दिवशी नवीन चमचा आणला असता. मला ते बोलता आलं नाही. इतक्या दिवसांचा खोटेपणा कबूल करावा लागला असता, हे एक. आणि दुसरं सांगायला जड जातंय. माझा सख्खा भाऊ श्रीखंडाच्या पातेल्यात बोट घालतो, चाटतो, परत घालतो. मी त्याच्या हातावर चापट मारते आणि तेच श्रीखंड वाढून घेऊन खाते. त्या सकाळी कुलूप हातात धरून मला नेमकं ते आठवलं आणि 'तसं काही नाही हो मिस्तरी' हे वाक्य मी गिळून टाकलं. कारण तसं काही नाही, याची मलाच खात्री वाटेना.

मी म्हटलं, "मिस्तरी, मला शुगर आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आत्ता गं! मंग आदी न्हाई का सांगायचं? आमी उगं मनात काय काय आनलं. चुकलं आमचं." माझी माफी मागून ते घरात गेले.

संध्याकाळपर्यंत माझी शुगर गल्लीभर झाली. कुणी मेथीदाणे आणून दिले, कुणी कारल्याचा रस. मी तो नाक दाबून प्याले, माझी तेवढीच लायकी होती.

पुढच्या महिन्यात बशी परत आली. या वेळी मिस्तरी स्वतः घेऊन आले. "याच्यात साकर न्हाई, गूळ न्हाई. गिलावा बी न्हाई केला. बिनघोर खावा." आणि दारातच उभे राहिले.

मी खाल्ला. गोड नाही, खारट नाही, कोरडा ठाक तुकडा, दोन घासांत दाताखाली वाळूचा खडा कचकला. अंगावर शहारा आला, तरी सगळा गिळला. मिस्तरी माझ्या तोंडाकडे बघत होते. "जमतंय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांच्या हातचा मी खाल्लेला तो एकच तुकडा.

या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. बीडला नेताना वाटेतच गेले.

तेराव्याला मी गेले. पंगतीत बसले, गल्लीतल्या दोघीचौघींनी एकमेकींकडे पाहिलं तेही मला दिसलं. मी मनाशी ठरवूनच आले होते, पानात पडेल ते खायचं, मागून घ्यायचं. वाढणारा बुंदीचं ताट घेऊन माझ्यासमोर वाकला. तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या मावशींनी तिथूनच आवाज दिला.

"आरं, बाईला गोड वाढू नको. त्यास्नी शुगर हाय. ह्यांनी किती डाव बजावलंय मला, बाईच्या पानात गोड पडू द्यायचं न्हाई म्हून."

वाढणारा पुढच्या पानाकडे सरकला. 'शुगर नाही', एवढे दोन शब्द बोलायचे होते, तेही माझ्याच्यानं बोलवले नाहीत. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बोटं बघून नाक मुरडत आले, पण त्या दिवशी मला स्वतःची आली तशी किळस कधी कुणाची आली नव्हती. मी वरणभात कालवला. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"खावा बाई," त्या म्हणाल्या. "सावकाश खावा."