तांब्याचा हंडा आणि बावीस झिंगे

आमच्या घरी झिंगे यायचे ते सुकलेले, कागदाच्या पुडीत. तव्यावर भाजायचे, मिरची-लसणाबरोबर कुटायचे आणि ज्वारीच्या भाकरीशी खायचे. जिवंत, पोहणारे झिंगे काचेच्या बरणीत घालून घरी आणणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस मी. एकसष्ट-बासष्टचं साल असेल. मी अमरावतीला कॉलेजात शिकत होतो, घर अकोल्याला. घरात आम्ही तिघं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, माय मिळेल त्या मजुरीवर आणि मी सर्वज्ञ.

प्राणिशास्त्राच्या आमच्या सरांनी वडाळीच्या तलावातून नखाएवढे झिंगे आणून प्रयोगशाळेत पाळले होते. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा प्रश्न आला की यांना सांभाळायचं कुणी. सरांना गावी जायचं होतं. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी झिंग्याचं नाव काढलं तरी आंघोळ करावी लागली असती. सगळे खाली बघायला लागले. मी उभा राहून म्हणालो, "सर, आमच्या घरी झिंगे चालतात."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. "चालतात म्हणजे कढईत नाही ना?"

मला राग पटकन येतो, तेव्हा तर फारच पटकन यायचा. मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं की एकही झिंगा मरू द्यायचा नाही. सरांनी मला बाजूला घेऊन सगळं समजावलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. पाणी विहिरीचं, रात्रभर ठेवून निवळलेलं. सगळं पाणी एकदम कधी बदलायचं नाही, चार-सहा दिवसांनी पाव हिस्सा काढायचं आणि तेवढंच घालायचं. उन्हात ठेवायचं नाही. बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं, कारण झिंगा उडी मारतो. शेवाळलेला दगड आत असला की त्यांचं अर्धं जेवण तिथंच होतं. वर एखादं उकडलेलं पालकाचं पान, तेही नखाएवढं, आणि उरलं तर संध्याकाळी काढून टाकायचं. साबणाचा, रॉकेलचा, तंबाखूचा हात पाण्याला लागता कामा नये. "उपाशी झिंगा आठ दिवस जगतो," सर म्हणाले, "पण पोट भरल्यावर उरलेलं अन्न सडलं की दोन दिवसांत मरतो."

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं मी बरणी मांडीवर घेऊन अकोल्याला आलो. मोजून बावीस झिंगे. मूर्तिजापूरला डब्यात चढलेल्या एका गृहस्थानं बराच वेळ बरणीकडे पाहून विचारलं, "कितीले देता?" मी त्याला कॉलेजचा विद्यार्थी असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मंग कमी करून द्या."

घरी बाबांनी बरणी दिव्याजवळ नेऊन पाहिली. झिंगे इतके पारदर्शक की पोटातलं शेवाळ हिरवं दिसायचं. बाबा म्हणाले, "आमी जलमभर झिंगे खाल्ले आन् तू त्याइले खाऊ घालून राह्यला. शिक्षण म्हन्तात ते हेच काय?" पण दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून आल्यावर हातपाय न धुताच ते बरणीपाशी बसले. मी लगेच तंबाखूवरून ओरडलो. ते बिचारे उठून हात धुवून आले आणि पुन्हा बसले.

माझ्या कायद्यांनी घर त्रासलं होतं. सगळ्यात कठीण कायदा जेवणाचा. आमच्याकडे पाहुण्याला 'पुरे' म्हणू देत नाहीत. ताटावर आडवा हात धरला तरी माय बोटांच्या फटीतून वाढायची. ती रोज विचारायची, "येवढुशा पानावर बावीस जीव कसे जगतीन?" मी पाठ फिरवली की भाकरीचा कण टाकायची. मी तो चिमट्यानं काढायचो आणि भाषण द्यायचो. एकदा तिला तळाशी एक मेलेला झिंगा दिसला आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं उपासानं गेला. मी पाहिलं तर ती नुसती कात होती. वाढताना झिंगा अंगावरचं कवच सोडतो आणि पुढं तेच खातो. हे कळल्यावर माय इतकी खूश झाली की शेजारच्या बायांना बोलावून तिनं ती कात दाखवली. "साप टाकते तशी," ती सांगत होती, जशी काही तिनंच ती सरांकडून शिकून आणली होती.

त्याच आठवड्यात वस्तीत मलेरियावाले येणार अशी दवंडी झाली. तेव्हा घरोघर भिंतींवर डी.डी.टी.ची फवारणी व्हायची. माश्या, ढेकूण, डास सगळे पटापट मरायचे आणि झिंगा तर त्याच जातीचा नाजूक जीव. मी सकाळीच बरणी दोन फडक्यांत गुंडाळून वस्तीबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो. दिवस मावळेपर्यंत बसलो. फवारणी करणारा माणूस पंप घेऊन तिथून गेला तर त्यालाही दुरूनच हाकललं. घरी आल्यावर बरणी ठेवायची फळी माती लावून पाच वेळा धुतली. बावीसच्या बावीस जिवंत. मी स्वतःवर इतका खूश होतो की त्या रात्री माझ्या तोंडाला तोंड देणं घरात कुणाला शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी मामाची प्रकृती बिघडल्याचा निरोप आला आणि मला मूर्तिजापूरला जावं लागलं. निघताना मायला म्हणालो, "पाणी कमी झालं तर घालजो. पन ऐरंगैरं नोको. एकदम साफ, आपुन पितो तेच."

आपण पितो ते पाणी तांब्याच्या हंड्यात असायचं. या हंड्याबद्दल सांगायला हवं. गावी असताना आम्हाला विहिरीला हात लावता येत नव्हता. माय घागर घेऊन काठापासून लांब उभी राहायची आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. छप्पन साली बाबा आणि ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, अकोल्यात येऊन राहिले, आणि कापूसवेचणीच्या पहिल्या हंगामानंतर मायनं घरात पहिली वस्तू आणली ती हा हंडा. दर आठवड्याला चिंच आणि राख लावून ती तो असा घासायची की त्यात तोंड दिसावं. घरी कुणीही आलं की आधी हंड्यातलं पाणी. मागितलं नसलं तरीही.

तिसऱ्या दिवशी परतलो. बरणीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि तळाशी बावीस झिंगे आडवे पडले होते, उकडल्यासारखे गुलाबी. माय बरणीसमोर बसली होती. म्हणाली, "सकाळी पाह्यलं तं असे. पाणी पिवळं झालं होतं बापू, म्हून अर्धं काढून टाकलं आन् रातभर भरून ठेवलेलं हंड्यातलं घातलं. आपलं प्याचंच."

मला सरांचा चेहरा दिसला, वर्ग दिसला, ते हसणं ऐकू आलं. मी म्हणालो, "तुह्या पाण्यानं मेले."

मला त्यात काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. अर्धं पाणी एकदम बदललं, एवढंच. पण तिच्यापर्यंत जे पोचलं ते वेगळं होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडता पडताच मला कळलं. 'तुमच्या पाण्यानं' हे तिनं उभ्या आयुष्यात कुणाकुणाकडून ऐकलं होतं, मुलाकडून पहिल्यांदाच. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी हंडा रिकामा होऊन कोपऱ्यात पालथा पडला. आम्ही माठातलं पाणी प्यायला लागलो. कुणी आलं की माय शेजारणीकडून तांब्या भरून आणायची. सुट्टीचे उरलेले आठ दिवस मी ते पाहत होतो आणि माझं चुकलं हे दोन शब्द मला जमत नव्हते. राग यायला मला निमिष पुरायचं, बाकी सगळ्याला फार वेळ लागायचा.

अमरावतीला गेलो तो थेट सरांच्या टेबलापाशी. रिकामी बरणी पुढं ठेवून घडलं तसं सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "पाणी कशात होतं?"

"तांब्याच्या हंड्यात, सर."

सरांनी कपाळाला हात लावला. तांब्याचा अगदी थोडा अंश पाण्यात उतरतो, माणसाला त्याचं काही होत नाही, पण झिंग्याला तो विष आहे, असं त्यांनी समजावलं. विहिरीतलं पाणी माठात ठेवून घातलं असतं तर अर्धं बदलूनही बरेचसे जगले असते. मग म्हणाले, "चूक माझी आहे. भांड्याचं मी सांगायला पाहिजे होतं. रविवारी तलावावर जाऊ, झिंगे काय पुन्हा मिळतील."

"रविवारी मला घरी जायचं आहे, सर," मी म्हणालो. इतकं शिकलेला माणूस 'चूक माझी' असं इतक्या सहज म्हणतो हे मी पहिल्यांदा पाहत होतो. मला माझी लाज वाटली.

रविवारी सकाळी मी घरात शिरलो तो कोपऱ्यातला हंडा उचलूनच बाहेर आलो. दोन आठवड्यांत तो काळा पडला होता. दारात उकिडवा बसून चिंच आणि राख घेऊन घासायला लागलो. शेजारची काकू म्हणाली, "काहून रे, कालेजात आता भांडे घासाचं बी शिकवतात काय?" मी म्हणालो, "हो काकू, पयला तास तोच असते."

माय दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घालूनच तिला सगळं सांगितलं. झिंग्याला तांबं चालत नाही, पाण्यात काही वाईट नव्हतं. आपण पितो तेच दे असं मीच सांगितलं होतं, आणि जे बोललो ते बोलायला नको होतं.

"म्हंजे मानसाले काई होत नाई?" तिनं विचारलं.

"नाई माय. सरनं सांगतलं."

तिनं माझ्या हातातून हंडा घेतला, माझं राहिलेलं सगळं पुन्हा घासलं, विहिरीवर जाऊन भरून आणला आणि जागेवर ठेवला. मी पेला घेऊन पुढं झालो तर तिनं माझा हात धरला. आधी स्वतः पेलाभर पाणी प्यायली. पाटावर बसून राहिली, बराच वेळ, माझ्याकडे पाहत. मग उठली, पेला विसळला, भरला आणि मला दिला.