डुकरांचा आवाज येऊ नये म्हणून

कियोए ओसानाईला वासाची किळस कधी आली नाही. उत्तर जपानात, आओमोरीच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातून ती लग्न होऊन या डुकरांच्या घरात आली, तेव्हा माहेरच्या बायकांनी नाकं मुरडली होती. "केसांतून जात नाही म्हणे तो वास!" नाहीच जात. अजूनही दुकानात पैसे द्यायला रांगेत उभी राहिली की पुढची बाई हळूच पुढे सरकते. कियोएनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. घाण ती घाण, पाण्याचा फवारा मारला की जाते.

तिला शिसारी यायची ती गोड बोलण्याची. एकदा खाद्य कंपनीचा एक तरणाबांड विक्रेता गोठ्याच्या दारात उभा राहून "ही तर तुमची लेकरंच, काकू," म्हणाला. "लेकरं असती तर सहा महिन्यांत ट्रकमध्ये चढवली असती का रे?" असं म्हणून तिनं त्याला फाटकाबाहेर काढलं आणि त्याचं खाद्यही बंद केलं. तिच्या डुकरांना नावं नव्हती, कानाला खाचा होत्या. आजारी पिलाला ती रात्रभर मांडीवर घेऊन बसायची, पण त्याला नाव द्यायची नाही. नवरा शुइचि दिवसभर खाद्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे डुकरांचं सगळं तिच्याच अंगावर होतं. बुटकी, जाड मनगटांची, तोंडानं फटकळ, अशी ही बाई गावात कुणाला फारशी आवडत नसे आणि तिचंही त्यावाचून काही अडत नसे.

चिसातो ही तिची एकुलती एक मुलगी, बऱ्याच उशिरा झालेली. शाळेत पोरं तिला "डुक्करवाली" म्हणायची, म्हणून पोर मुकी झाली होती. घरी बोलायची, बाहेर हूं की चूं नाही. शेतकी शाळेत गेली आणि तोगाशी सरांनी तिला वक्तृत्वात घेतलं. पहिल्या वर्षी ती शाळेच्या सभागृहात व्यासपीठावर उभी राहिली आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. कियोए त्या शेवटच्या रांगेतच बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याची तिला लाज वाटली नाही. सरांवर पुढे ती कितीही खवळली, तरी एवढं मात्र तिनं कधी नाकारलं नाही, की माझ्या पोरीला तोंड या माणसानं दिलं.

पण त्या तोंडात त्यानं काय घातलं, ते तिला पुढच्याच वर्षी कळलं.

तरुणांनी शेतीवर बोलायचं, सात मिनिटं, मग परीक्षकांचे प्रश्न, अशी ती स्पर्धा. शाळेतून निवडलेला प्रांताच्या फेरीला आणि तिथून टोकियोला. पहिल्या वर्षी कियोए आपला एकुलता एक काळा सूट घालून प्रांताची फेरी बघायला गेली होती आणि डोकं धरून परत आली होती. एका पोरानं वासराला 'होशि' नाव दिलं होतं, ते मेलं. एका पोरीच्या आजोबांचे हात खरखरीत होते, आजोबा मेले. तिसऱ्यानं मेंढी वाढवली, स्वतः कापायला नेली, रडत रडत खाल्ली आणि ताटापुढे हात जोडून आभार मानले. प्रत्येक भाषणात मरणाआधी आवाज खाली यायचा, मरणानंतर डोळे वर जायचे आणि शेवटी "मी हा वारसा पुढे नेईन" म्हणून मूठ आवळली जायची. सभागृहात रुमालच रुमाल निघत होते.

"ह्यांना एखादं जनावर जिवंत ठेवून बोलता येत नाही का गं?" परतताना तिनं विचारलं होतं.

"आई, जिवंत जनावराला गुण नाहीत," चिसातो हसून म्हणाली होती.

तेव्हा दोघीही हसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मात्र चिसातोच्या भाषणात 'मोमो' नावाची डुकरीण आली. गोठ्यात मोमो कुठेच नव्हती. सरांनी तिला नाव दिलं होतं आणि सरांनीच तिला मारायचं ठरवलं होतं.

"मोमो कोण?" कियोएनं जेवताना विचारलं.

"तशी कुणी नाही. म्हणजे, कुठलीही."

"मग कुठलीही म्हण ना."

"आई, तुला त्यातलं कळत नाही," चिसातो म्हणाली आणि भाताचा वाडगा तिनं तोंडापुढे धरला. शुइचिनं बातम्यांचा आवाज वाढवला.

पोरगी बोलते आहे, पुढच्या वर्षी तोगाशी सरांच्या शिफारशीवर होक्काइदोच्या कृषी विद्यापीठात तिला जागा मिळेल, मग एक मोमो गेली तर जाऊ दे, असं कियोएनं मनाला समजावलं.

ऑगस्टमध्ये पितरांचे दिवस आले. कियोए आणि शुइचि माहेरच्या थडग्यांची साफसफाई करायला किनाऱ्यावर गेले आणि गोठा चिसातोवर सोपवला. काम एकच होतं: भोंग्याकडे लक्ष ठेवायचं. नव्या गोठ्याला खिडक्या नाहीत, हवा सगळी पंख्यांवर. वीज गेली की दारावरचा भोंगा बोंबलतो. तो वाजला की धावत जाऊन विजेचं मुख्य बटण वर करायचं, नाही झालं तर सगळी दारं सताड उघडायची. हे तर चिसातोला लहानपणापासून पाठ होतं.

दुपारी लांब कुठेतरी गडगडलं आणि बटण पडलं. भोंगा वाजला. चिसातो त्या वेळी अंगणातल्या मोटारीत बसली होती, काचा वर, आतली थंड हवा चालू. फोनवर आपलं भाषण ध्वनिमुद्रित करत होती. घरात बसली असती तर डुकरांचा आवाज त्यात आला असता आणि सरांना आवाज स्वच्छ लागायचा. जिवाचे आभार कसे मानावेत यावर ती मोटारीत पुन्हा पुन्हा बोलत राहिली आणि पलीकडे गोठ्यात जीव गुदमरत राहिले.

आईबाप परतले तेव्हा ती दारात बसली होती, गुडघ्यापर्यंत मळलेली. पुष्कळशी डुकरं वाचली होती, पण आतल्या टोकाची अख्खी रांग गेली होती.

"भोंगा वाजत होता," ती म्हणाली. "मी गाडीत होते. मला ऐकू नाही आला. मी रेकॉर्डिंग करत होते." आणि तिथेच ओकली.

कियोएनं हात उगारला नाही. पोरीच्या तोंडावर स्वतःचीच जी किळस आली होती, ती खरी होती. त्यावर आणखी काही लादायची गरज नव्हती. "मागचे पाय धर, मी पुढून ओढते," एवढंच ती म्हणाली. माय-लेकींनी अंधार पडेपर्यंत मढी ओढली.

पितरांच्या दिवसांत मेलेली जनावरं नेणारी गाडी बंद असते. चुना टाकला, निळी ताडपत्री घातली आणि वाट बघत बसले. ऊन कडक होतं. ताडपत्री फुगू लागली, खालून पाणी सुटलं, कावळे जमले. आयुष्यभर डुकरांत काढलेली कियोएसुद्धा त्या दिवसांत जेवण पुढ्यातून सारत होती.

अशात तोगाशी सर आले. कियोएच्या दिवंगत सासऱ्यांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला, हातात गोड वड्यांचा डबा घेऊन. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. ताडपत्रीपाशी थबकले, रुमाल नाकाला लावला आणि "अरेरे, अरेरे" म्हणाले. चिसातोनं त्यांना सगळं सांगितलं, आपण मोटारीत बसलो होतो तेही. ते मान हलवत ऐकत राहिले. मग रुमालाआडून म्हणाले,

"मोमोला बाजूला ठेवू या. हे फार मोठं आहे, चिसातो."

"काय मोठं आहे?" कियोएनं विचारलं.

"विषय, ओसानाईताई. उष्णतेची लाट, बदलतं हवामान, एका मुलीचा आक्रोश. या वर्षी असं कुणाकडे नसेल."

"सर, तिथं माझी डुकरं सडताहेत. विषय घरी न्यायचा असेल तर हातमोजे देते."

सर हसले. गावातल्या फटकळ बाईकडे बघून शिकलेली माणसं हसतात तसं हसले आणि वड्यांचा डबा ठेवून गेले. कियोएनं तो उघडलाही नाही, तसाच कावळ्यांपुढे फेकला.

नवं भाषण आठवड्याभरात तयार झालं. त्यात सूर्य आग ओकत होता, पृथ्वी तापत होती, पंखे हरत होते आणि चिसातो एकेका डुकराला मिठी मारून निरोप देत होती. गाडी नव्हती. भोंगा नव्हता.

"मिठी कधी मारलीस गं तू? तू ओकत होतीस," कियोए म्हणाली.

"सर म्हणतात, लोकांना ते बघवणार नाही."

"आणि गाडी?"

"सर म्हणतात, तो तपशील अनावश्यक आहे." चिसातोनं वर पाहिलं नाही. "आई, विद्यापीठाचं त्यावरच आहे ना सगळं."

कियोएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डुकरं मेली ती मेली, तोटा झाला तो झाला. पण त्या संध्याकाळी पोरीच्या तोंडावर जे होतं ते कुणीतरी साखरेच्या पाकात घोळवत होतं आणि पोरगी घोळवू देत होती. मेलेल्या जनावरांवर गुण मिळवायची एकदा सवय लागली की ही मुलगी उद्या गोठ्यात काय बघणार आणि मला काय सांगणार? कियोएला रात्री झोप येईना. पण जागा घालवलीस म्हणून आयुष्यभर ऐकून घ्यायचीही तिला भीती होती. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याचीही तिला किळस येत राहिली.

सप्टेंबरात प्रांताची फेरी झाली. चिसातो अप्रतिम बोलली. मिठीच्या वाक्याला शेजारची बाई मुसमुसू लागली आणि तिनं कियोएलाही कागदी रुमाल देऊ केला. कियोएनं त्यात नाक शिंकरून तो परत तिच्या हातात ठेवला.

मग प्रश्न. परीक्षकांत पशुआरोग्य खात्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी चष्मा वर केला.

"बाळ, बंद गोठा म्हणतेस, म्हणजे भोंगा असणार. तो वाजला नाही?"

सरांनी संभाव्य प्रश्नांची तयारी करून घेतली होती, त्यात हा नव्हता. चिसातोनं सभागृहात नजर फिरवली. आई सापडली. कियोएनं हाताची घडी घातली होती, ती तिनं सोडली नाही.

"वाजला होता," चिसातो म्हणाली. पढवलेला आवाज गेला होता, ती घरी बोलते तसं बोलत होती. "मला ऐकू नाही आला. मी गाडीत बसून भाषणाची तयारी करत होते."

कियोएच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. सुटली पोर, तिच्या मनात आलं.

आणि मग टाळ्या पडल्या! आधी एक, मग दहा, मग अख्खं सभागृह. शेजारची बाई हुंदके देत उभी राहिली. पहिला क्रमांक चिसातोचा आला. "प्रामाणिकपणा" हा शब्द परीक्षकांच्या प्रमुखांनी इतक्या वेळा उच्चारला की कियोएला तिथेच ओकारी येईल असं वाटलं. माझी डुकरं गुदमरून मेली आणि हे उभे राहून टाळ्या वाजवतात! कशाला? कुणाला?

शाळेच्या इमारतीवर चिसातोच्या नावाचा लांबलचक कापडी फलक लोंबू लागला. टोकियोच्या तयारीसाठी सरांचा घरी फोन आला. त्यांचं बोलणं फोनमधून कियोएलाही ऐकू येत होतं.

"प्रश्नांवर सोडायचं नाही आता. ते भाषणातच घेऊ, अगदी शेवटी. 'मला ऐकू नाही आला' म्हणायचं आणि थांबायचं. पाणी आलं डोळ्यांत तर पुसायचं नाही."

"हो सर," चिसातो म्हणाली.

नोव्हेंबर लागला. गारठा पडला होता, पंखे कमी वेगात चालत होते. कियोए गोठ्यात खाद्य ओतत होती. मागच्या भिंतीपलीकडून चिसातोचा आवाज येत होता.

"वाजला होता. मला ऐकू नाही आला." थांबली. मग पुन्हा, आवाज थोडा खाली. "वाजला होता. मला... ऐकू नाही आला." पुन्हा. या वेळी शेवटी एक बारीकसा हुंदका, अगदी बेताचा.

कियोएनं बादली खाली ठेवली. दाराजवळ गेली, विजेचं मुख्य बटण धरलं आणि खाली ओढलं.

पंखे थांबले. भोंगा बोंबलला. डुकरं दचकून उठली. या थंडीत त्यांना काही होणार नव्हतं, हे कियोएला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं ते दुसरंच. बटणावर हात तसाच ठेवून ती उभी राहिली आणि भिंतीपलीकडच्या आवाजाकडे कान लावले. आवाज थांबला होता की भोंग्यात बुडाला होता, कळत नव्हतं. असं वाट बघणं तिला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

दार धाडकन उघडलं. चिसातो आत घुसली, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, घोट्यापर्यंत घाणीत. "आई, दारं! दारं उघड!" असं ओरडत ती बटणाकडे झेपावली आणि तिथे आईचा हात बघून जागच्या जागी थांबली.

ती आधी हाताकडे बघत राहिली, मग आईकडे. मग तिच्या ओठांचे कोपरे खाली ओढले गेले.

"शी! आई, काय गं हे! यांचा असला वापर करतेस? शी!"

ऑगस्टपासून कियोए पोरीच्या तोंडावर हेच शोधत होती. तिनं बटण वर केलं. पंखे घरघरले, भोंगा बंद पडला. चिसातो अजून धापा टाकत होती, आणि धापा टाकतानाच तिला स्वतःचेच शब्द, 'असला वापर', ऐकू आले असावेत. मग भिंतीला टेकून तिनं नळी ओढली आणि उघड्या पायावर पाणी सोडलं. बराच वेळ धूत राहिली.

"जागा जाईल," ती पायाकडे बघत म्हणाली.

"जाईल."

"फलक उतरवतील."

"उतरवू देत. पाऊस लागून तसाही घाण झालाय."

चिसातोनं नळी बंद केली. "मी टोकियोला जात नाही, हे सरांना तू सांगतेस?"

कियोएनं बादली उचलली.

"तूच सांग," ती म्हणाली. "तुला बोलता चांगलं येतं."