डिक्कीतला पट्टा
नव्या रबरी चपलेचा वास आला की मला दर्यापूरच्या रस्त्यावरची एक दुपार आठवते. वडिलांनी आयुष्यभर काळीपिवळी जीप चालवली आणि म्हातारपणी एक जुनी कार घेतली. अकोल्याच्या मेकॅनिकनं इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायला सांगितला, तर वडिलांनी नवा पट्टा विकत घेऊन डिक्कीत ठेवून दिला. "चालून राहिला त कायले काढू? तुटला का टाकू," ते म्हणाले. जीपचा फॅनबेल्ट ते तसाच बदलत आले होते. त्या दुपारी दोन्ही बाजूंना कपाशी असताना इंजिन एकदम गप्प झालं. वडिलांनी अजिबात न घाबरता डिक्की उघडली. फोन केल्यावर मेकॅनिक मोटारसायकलवर आला. त्यानं इंजिन पाहिलं, मग वडिलांच्या हातातला कोरा पट्टा पाहिला. "काका, हा तुटाच्या आदी टाकाचा असते. आता आतले वॉल्व्ह वाकले. इंजिन गेलं." वडिलांनी पट्टा नीट गुंडाळून पुन्हा पाकिटात घातला. परवा डॉक्टरांनी मला रक्तदाबाची रोजची गोळी लिहून दिली. मी पाकीट आणून कपाटात ठेवलंय. त्रास झाला की घेईन.