कॉन्ट्रास्ट देण्याआधी

परळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी रिसेप्शनवर बसते. आमच्याकडे सीटी स्कॅन करणारी टेक्निशियन मूळची मालवणकडची. पेशंट घाबरला की ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते आणि सगळं समजावून झालं की "कळला मां?" विचारते. नुसती मान हलवलेली तिला चालत नाही. ती पेशंटकडून परत वदवून घेते.

गेल्या महिन्यात कॉटन ग्रीनहून एक काका आले, तेही मालवणीच. त्यांनी तिला विचारलं, "कॉन्ट्रास्ट म्हणजे काय गो?"

"शिरेतून औषध देतत, मगे आतल्यो शिरो फोटोत उठान दिसतत. ता औषध किडनीतून लघवीवाटे भायर पडता. म्हणान आधी किडनी धड होयी. कळला मां?"

"माझी धड आसा," काका म्हणाले. फॉर्मवरही तसंच लिहिलं होतं. पण तिची नजर त्यांच्या पावलांवर होती. चपलेचे पट्टे सुजेत रुतले होते.

तिने सुई खाली ठेवली आणि आमच्या डॉक्टरांना म्हणाली, "सर, आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघूया. किडनी कशी चाललीय ते कळेल."

डॉक्टर वैतागले. "बाहेर रांग लागलीय!"

"लागूदे, सर. मी सुई लावणार नाही."

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन नॉर्मलच्या दुपटीहून जास्त होतं. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि कॉन्ट्रास्ट रद्द केलं. तिला म्हणाले, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

हल्ली काउंटरवर कुणी विचारलं, "तुमचं मशीन चांगलं आहे ना?" की मी ताठ मानेने सांगते, "मशीन सगळीकडे तेच असतं हो. आमची बाई चांगली आहे."