आठ माणसांची पाटी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी ‘आठ माणसे’ ही पाटी वाचतात. नववा आत घुसला, तर तो कितीही मोठा साहेब असो, त्याला बाहेर काढल्याशिवाय बटण दाबत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी माझे पाय गेले. तेव्हापासून माझं जग म्हणजे हा पलंग, एक खिडकी आणि छताचा सुटलेला पोपडा. रोज संध्याकाळी हे ग्रीसचे हात धुऊन उशाशी बसतात आणि प्रार्थना करतात, ‘प्रभू येशू, हिला आज झोप लागू दे. पाठीची जखम चिघळू देऊ नकोस.’ शेवटचं ‘आमेन’ मी म्हणायचं, ही आमची पद्धत. तीन वर्षं तेवढंच मागणं, मोजूनमापून.

परवा माझं डोकंच फिरलं. “अहो, मी चालावं असं एकदाही का मागत नाही तुम्ही?”

“डॉक्टर नाही म्हणालेत ना,” हे खाली बघत पुटपुटले. “उगाच देवाला कशाला पेचात टाकायचं?”

“म्हणजे त्यालाही तुम्ही आठ माणसांची पाटी लावलीत!”

हे पलंगाजवळ सरकले. मग माझा हात घट्ट धरून त्यांनी डोळे मिटले. “प्रभू, तुला अशक्य असं काही नाही. हिला... हिला चालव.”

आणि ते माझ्या ‘आमेन’साठी थांबले.

पायांचं सोडाच, माझी जीभसुद्धा जागची हलेना.