फळी माझ्या हातात नव्हती

आधीच सांगतो, मी नांदुऱ्यात वीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवतो. शाळेत बुवाबाजीविरोधी कार्यक्रम असला की तळहातावर कापूर पेटवून दाखवणारा मास्तर मीच. कोणी भास, चाहूल वगैरे सांगायला लागलं, की माझा पहिला प्रश्न — ‘त्या दिवशी नीट जेवला होतात का?’ तेव्हा मी असलं काही लिहितोय हे माझ्या विद्यार्थ्यांना कळलं, तर माझी काही धडगत नाही. पण घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत... आणि खरं म्हणजे ते चार लोकांना सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

आमचं इथे एक हौशी नाट्यमंडळ आहे. दिग्दर्शक रफीकभाई, स्टँडजवळ त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. यंदा त्यांनी फार्स करायचा ठरवला. एक घरमालकीण, तिच्या घरात तीन पाहुणे, आणि तिघांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही. त्यामुळे ती बाई अख्खा अंक एक दार उघडते, दुसरं लावते आणि तिसऱ्याला पाठ टेकून खोटं बोलते. रफीकभाईंचा हुकूम — एका पानाला एक मिनिट, श्वास नंतर घ्यायचा!

ऑडिशन रविवारी दुपारी चार वाजता, ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गोडाऊनमध्ये होती. सीझन संपलेला, गोडाऊन रिकामं. चार भिंती, वर पत्रे, समोर एकच लोखंडी शटर. तेही उकाड्यामुळे वर सारून दोरीनं बांधलेलं. लाकडी दार त्या जागेत एकही नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आमच्याकडे तालमीला सेट नसतो. जमिनीवर खडूनं दारं आखायची, नटानं हवेत दार ढकलायचं, आणि त्याच क्षणी प्रॉम्प्टरनं लाकडी फळी बाकावर आपटायची. फळी अर्धा सेकंद जरी चुकली तरी नट गडबडतो आणि हशा मेलाच म्हणून समजा. गेली बारा वर्षं हा प्रॉम्प्टर म्हणजे मी.

आता माझ्या बायकोबद्दल. सुनंदा. माहेर सोनाळा हे खेडं, अंगणवाडीत सेविका. ही बारा वर्षं ती मंडळाचे कपडे इस्त्री करते, बटणं लावते, सगळ्यांची वाक्यं तिला तोंडपाठ. पण स्टेजवर कधी गेली नाही, आणि त्याचं कारण मी. पहिल्याच नाटकाच्या वेळी तिनं विचारलं होतं, तर मी म्हणालो, ‘अगं, तुझी वऱ्हाडी बोली ऐकून लोक हसतील.’ त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. आज लाज वाटते, पण म्हणालो होतो.

यंदा ऑडिशनची यादी वाचताना शेवटी तिचं नाव दिसलं. घरी येऊन विचारलं, ‘हे काय?’

‘काय म्हंजे? लोकायले हसवाचंच हाय ना?’ ती तांदूळ निवडत म्हणाली. ‘मंग हसू द्या.’

मास्तरानं गुपचूप यादी खिशात घातली.

घरमालकिणीच्या पार्टसाठी दोघीच होत्या. पहिली खामगावची मुलगी, नाटकाचा कोर्स केलेली, उच्चार अगदी स्वच्छ. त्या प्रवेशात दार सात वेळा लागतं. मी सातही वेळा फळी मारली आणि सगळं बिनचूक झालं.

मग सुनंदा उठली. पदर खोचला आणि खडूच्या रेषांमध्ये जाऊन उभी राहिली. मी फळी उचलली.

पहिलं दार, फळी मारली. दुसरं दार, मारली. आणि मग ती जी सुटली...! लिहिलेली शुद्ध वाक्यं तिच्या तोंडून सोनाळ्याची होऊन बाहेर पडत होती. मधल्या दाराला पाठ लावून ती पाहुण्याला सांगते, ‘आत कोनी नाही हो, मांजर हाय. हाव, खोकते ते मांजर! थंडी झाली तिले.’ भर मे महिन्यात! गोडाऊनमधले पंधरा-वीस लोक लोटपोट. रफीकभाई चष्मा काढून डोळे पुसत होते. दारं धडाधड लागत होती, ती एकातून निघून दुसऱ्यापाशी पोचत होती, आणि मी सगळं विसरून बघत होतो. ही बाई इतकी वर्षं माझ्या घरात होती?

प्रवेश संपला. टाळ्या. मंडळाचे सचिव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘सर, फळी काय टायमावर मारली तुमी! वहिनीचं बी बरं झालं, पन अर्धं काम त फळीनंच केलं. पार्ट त्या खामगावच्या पोरीलेच द्या. भाषा पाहा तिची.’

मी हाताकडे पाहिलं. हात रिकामे. फळी माझ्या पायाशी पडली होती.

तिसऱ्या दारापासून मी दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होतो... फळी मी मारलीच नव्हती.

गप्प बसणं सोपं होतं. प्रॉम्प्टरला आयुष्यात पहिल्यांदा कोणी शाबासकी दिली होती. पण समोर सुनंदा पदरानं घाम पुसत उभी होती. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘पहिली दोन सोडली तर फळी मी मारलेली नाही. जे काय केलं ते हिनं केलं.’

लोक हसले. त्यांना वाटलं, मास्तर बायकोची बाजू घेतोय. रफीकभाईंनी मोबाईल स्टँडवर लावून दोन्ही ऑडिशनचा व्हिडिओ घेतला होता. त्यांनी तो लावला. कोपऱ्यात मी दिसतो. तोंडावर दोन्ही हात, फळी जमिनीवर. सुनंदा हवेत हात ढकलते आणि आवाज येतो — धाड्! आमच्या फळीचा नुसता ‘ठक’ असतो. हा जड लाकडी दाराचा आवाज होता, आणि मागून कडी पडल्याचा खणखणाट. पाच वेळा. पाचही वेळा तिचा तळवा हवेत थांबतो अगदी त्याच क्षणी.

सगळ्यांनी तो पुन्हा एकदा लावून पाहिला. मग रफीकभाई मोबाईल खिशात टाकत म्हणाले, ‘भाभी, पार्ट तुमचा. भाषा बी अशीच ठेवा.’

सुनंदाला विचारलं, आवाज कुठून आला? ती म्हणाली, ‘मी दार लावलं ना. मंग वाजन नाही त काय?’

मी हार मानणाऱ्यांतला नाही. शटर तपासलं, दोरी जशीच्या तशी. बाहेर मालगाडी गेली असेल म्हणावं, तर ती बरोबर पाच वेळा कशी वाजेल? पत्रे, प्रतिध्वनी, मोबाईलचा माईक, सगळं पाहिलं. पुढच्या रविवारी खामगावच्या मुलीला विनंती करून तोच प्रवेश फळीविना करून घेतला. काहीही वाजलं नाही. शेवटी सुनंदाला म्हणालो, ‘एकदाच पुन्हा करून दाखव ना.’

‘माही परीक्षा झाली,’ ती म्हणाली. ‘पास झाली मी. आता तुमची तुमी द्या.’

व्हिडिओ अजून आहे. ज्याला स्पष्टीकरण सुचेल त्यानं जरूर कळवावं. मला आजवर सुचलेलं नाही.

नाटकाला खरी दारं होती, त्यामुळे फळीची गरज नव्हती. बारा वर्षांत प्रथमच मी नाटक समोरून पाहिलं. हॉल हसून हसून बेजार. शेजारचे अनोळखी गृहस्थ धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, ‘ते बाई कोन हाय हो?’

मी ताठ बसलो. ‘सोनाळ्याची हाय,’ म्हटलं. ‘माही बायको हाय ते.’