चैत्रगौरीपुढची पारोशी मालगाडी

इतर मुलींना बाहुल्यांचा नाद असतो, मला मालगाडीच्या डब्यांचा होता. आमच्याकडे त्यांना वाघिणी म्हणत. ठाण्याला माहेरच्या अंगणातून रूळ दिसायचे. घाटावरून कापूस आणणाऱ्या आणि खाडीकडचं मीठ नेणाऱ्या वाघिणी बघताना मी जेवणसुद्धा विसरायची, असं आई सांगे. मी जेवण विसरल्याचं मला तरी आठवत नाही.

वडिलांनी सुताराकडून वीतभर लांबीची एक लाकडी वाघीण करून घेतली. लालभडक आणि तुळतुळीत. ती बघून मी भोकाड पसरलं. रुळावरची एकही वाघीण अशी नव्हती! खऱ्या वाघिणींवर काजळी असे, गंजाचे ओघळ असत, खारट वाऱ्याने फळ्या पांढुरक्या झालेल्या असत. मग मी ती वाळूने घासली, खाडीच्या पाण्यात बुडवली, उन्हात टाकली आणि वर रुळाकडेचा कोळसा चोळला.

"अगं, सुताराने किती खपून रंगवली होती ती," वडील कळवळून म्हणाले.

"आत्ता कुठे ती कामाला लागली," मी म्हणाले. माझा तोरा असा, की रेल्वे जणू आमच्या घरची.

पुढे दर दिवाळीला एक मागून घेतली. एक मिळवण्यासाठी तर मावसबहिणीला माझी अख्खी भातुकली देऊन टाकली. अशा सात झाल्या. प्रत्येकीचं दुखणं निराळं. एकीचं दार निखळलेलं, सुतळीने बांधलेलं. एकीवर तेलात भिजवलेल्या धोतराच्या तुकड्याची ताडपत्री, तिलाही ठिगळ.

लग्न होऊन मी कल्याणला आले ती बाराव्या वर्षी. पेटीत लुगड्यांच्या खाली सातही वाघिणी होत्या. सासूबाईंनी त्या बघितल्या आणि विचारलं, "एवढं सरपण कशाला आणलंस? इथे मिळतं की."

चैत्र आला. नव्या सुनेने माहेराहून आणलेली एखादी वस्तू पहिल्या वर्षी चैत्रगौरीच्या आराशीत मांडायची, अशी त्या घरची रीत होती. मग ती वस्तू दर वर्षी आपल्या जागी बसे. थोरल्या जाऊबाईंच्या मण्यांच्या बाहुल्या मधल्या पायरीवर मिरवत. माझ्याजवळ वाघिणींशिवाय काही नव्हतं. त्या मांडल्या गेल्या नाहीत, तर त्या घरात माझी म्हणून कुठली पायरीच उरणार नव्हती. धीर करून विचारलं. सासूबाई पान जुळवत म्हणाल्या, "बघू."

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मी शेजारी डाळ वाटायला गेले होते. परत येऊन बघते तर मागच्या अंगणात, देवांच्या उपकरण्यांशेजारी माझ्या सातही वाघिणी ओळीने वाळत घातलेल्या. चिंच आणि राख लावून घासलेल्या. काजळी गेली, गंज गेला. सुतळी सोडून दार नीट बसवलेलं. एकेकीचं लाकूड पोळपाटासारखं गोरं झालेलं.

"देवीपुढे मांडायच्या तर पारोशा कशा मांडायच्या?" सासूबाई म्हणाल्या. हात दुखेपर्यंत घासल्या होत्या बिचारीने.

मी गोठ्यामागे जाऊन असा सूर लावला, की गाय दावं ओढायला लागली. सासूबाई मागोमाग आल्या.

"स्वच्छ केल्या म्हणून रडणारी सून पहिल्यांदाच बघतेय."

"तो मळ नव्हता, सासूबाई. तो मी केला होता."

"मळ केला होतास?"

"हो. वर्षानुवर्षं."

 त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मग परत कर. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. पण खाडीचं पाणी नि रुळांवरचा कोळसा माझ्या आराशीत चालायचा नाही. घरात मिळेल त्यात भागव." आणि त्यांनी आपला पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्या डब्याला मामंजीसुद्धा हात लावत नसत.

काताच्या पाण्यात चिमूटभर चुना कालवला आणि गंज तयार झाला. समईवर वाटी धरून काजळी काढली. नीट बसवलेलं दार पुन्हा निखळवून सुतळीने बांधलं. मिठाचे ओघळ म्हणून मी चुन्याची बोटं दाराच्या वर ओढायला घेतली, तर मागून आवाज आला.

"तिथे नाही. पोत्यातलं मीठ खाली गळतं, फळ्यांच्या सांध्यातून."

मी मान वळवली, तर सासूबाई.

"तुला बघायला ठाण्याला आलो, तेव्हा वाटेत गाडी अडकली होती. शेजारच्या रुळावर मालगाडी उभी. दुसरं काय बघणार?" एवढं बोलून त्या पुन्हा कैऱ्या किसायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी गौरीच्या पाळण्याखाली, सगळ्यांत खालच्या पायरीवर गाडी लागली. बायका येत होत्या, पन्हं पीत होत्या, जाऊबाईंच्या बाहुल्यांचं कौतुक करत होत्या. गाडीकडे बघून कुणी काही बोलेना. माझं तोंड एवढंसं झालं. मग स्टेशनातल्या मालबाबूंची बायको आली. ती वाकली आणि सुतळीने बांधलेल्या दाराला बोट लावून म्हणाली, "अगंबाई, हिचं दार अजून तसंच का? आमच्याकडे ह्यांची रोज हिच्या नावाने ओरड असते."

"आमच्या सूनबाईची गाडी आहे," सासूबाई जराही न हसता म्हणाल्या. "दाराचं बघू पुढच्या वर्षी."

मग त्यांनी उघड्या वाघिणीत केळीचं पान घातलं, त्यावर भिजवलेले हरभरे भरले आणि ती पाहुणीपुढे ढकलली. तिची ओटी त्याच हरभऱ्यांनी भरली. नंतर आलेली प्रत्येक बाई म्हणायला लागली, माझेही गाडीतूनच द्या.

संध्याकाळी मी वाघिणी उचलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "राहू देत. अक्षय तृतीयेपर्यंत गौर आहे, तर गाडीला कसली घाई?"

सकाळी दिवा लावायला गेले, तर मिठाच्या वाघिणीवर गंजाचा नवा ओघळ होता. मी काढलेला नव्हे. सासूबाईंच्या उजव्या हाताचं बोट कातानं लाल झालं होतं. ओघळ चांगलाच वाकडा होता. ते मात्र मी बोलले नाही. बारा वर्षांच्या त्या शहाणीला तेवढी अक्कल कुठून सुचली, देव जाणे.